हात उगारणाऱ्याला डिझाईनखोलीत जागा नाही

मी, वामनराव सखाराम मापारी, वय ६८ वर्षे, धंदा शेतीअवजारांचा कारखाना, मूळ राहणार सुलतानपूर, तालुका लोणार, हल्ली मुक्काम नांदुरा, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी फूस लावलेली नाही, कोणी धमकावलेले नाही. या घरात आणि कारखान्यात धमकावण्याचे काम आजवर मीच केले, त्यामुळे धमकी कशी असते ते मला चांगले ओळखता येते. २०१९ साली केलेल्या मृत्युपत्रात सगळे मुलाच्या नावे होते. ते मी रद्द करतो. माझ्या उजव्या हाताला तीन बोटे आहेत, म्हणून अक्षर वाकडे आहे. ते माझेच आहे, त्यावरून पुढे कोणी कोर्टात वाद घालू नये.

कलम १. नांदुऱ्याचे राहते घर, बोअर व मागच्या मोकळ्या जागेसह, माझी पत्नी विमलबाई हिला पूर्ण मालकी हक्काने देतो. तिने ते ठेवावे, विकावे, कोणालाही द्यावे. लग्नाला चव्वेचाळीस वर्षे झाली. त्यांतली पहिली सत्तावीस वर्षे ती माझ्या पावलांच्या आवाजावरून माझा राग ओळखून घरात वावरली. बँकेतील ठेवीही तिच्याच. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. माझ्या ओळखीत तिच्याइतके धीराचे माणूस दुसरे नाही. ते का, हे कलम ३ मध्ये येईल.

सुलतानपूरची शेती वडिलोपार्जित आहे. तीत माझा एकुलता मुलगा हर्षल याचा जन्माने वाटा आहे. माझा वाटाही त्यालाच देतो.

कलम २. माझ्या कपाटात अठरा इंची पोलादी पट्टी आहे. ती कोणालाही देत नाही. गॅस कटरने तिचे तुकडे करून भंगारात घालावेत.

ती माणिकराव डिवरे यांची. १९७७ साली मी वीस वर्षांचा असताना खामगावला त्यांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागलो. पेरणीयंत्राच्या ड्रॉइंगमध्ये माझा एक फण दोन सूत, म्हणजे पाव इंच, सरकला. माणिकरावांनी माझा डावा पंजा बोर्डावर पालथा धरला आणि अंगठा व तर्जनीच्या मधल्या चामडीतून कर्कटकाचे टोक खाली लाकडापर्यंत घातले. म्हणाले, "आता हा बिंदू नाही चुकाचा." मी ओरडलो नाही, म्हणून त्याच महिन्यात मला पक्के केले. डिझाईन शिकवायची हीच रीत असते असे मी समजलो. बारा वर्षांनी मी नांदुऱ्यात स्वतःचा कारखाना काढला तेव्हा त्यांनी ही पट्टी मला आशीर्वाद म्हणून दिली. पुढची एकोणीस वर्षे मी तिने मोजले कमी, मारले जास्त.

कलम ३. कारखान्याची वाटणी लिहिण्यापूर्वी ती अशी का केली ते लिहून ठेवणे मला भाग आहे. वकिलांनी हे सगळे गाळायला सांगितले होते. मी गाळत नाही.

आमच्या शेडच्या माडीवर डिझाईनखोली आहे. २००८ साली तिथे सहा माणसे होती. त्यांतला अविनाश नारखेडे, मोताळ्याचा, वय एकतीस, सगळ्यांत हुशार. ऑक्टोबर महिना, सोयाबीन काढणीला आलेले, आमची मळणीयंत्रे भराभर उठत होती. माझ्यासमोर तीन विक्रेते चहा घेत बसले असताना अविनाश ड्रॉइंग घेऊन आला.

"साहेब, मशिनीचं तोंड आखूड आहे. पेंढी सारता सारता हात ड्रमपर्यंत जाते. दीड फूट लांब करा लागते, अन् वरतून पत्रा."

मी म्हणालो, "यंदाच्या मशिनी गेल्या बे. पुढच्या साली पाहू."

"पुढच्या सालापर्यंत कोणाचा हात जाईन, साहेब."

एक विक्रेता हसला. त्या हसण्याने माझे डोके फिरले. मी पट्टी उचलली. पहिला फटका गालावर आडवा बसला. दुसरा मी धारेने मारला, तो डाव्या कानावर. तो वाकला तेव्हा लाथ घातली, कॉलर धरून लोखंडी जिन्यापर्यंत ओढला आणि खाली ढकलून दिला. अकरा पायऱ्या. खाली तो कुशीवर पडला होता आणि कानातून रक्त येत होते. मी त्याचे ड्रॉइंग चार तुकडे करून त्याच्या अंगावर टाकले, परत आलो आणि विक्रेत्यांना म्हणालो, चहा थंड होऊन राह्यला, घ्या.

खोलीत दुसरी पाच माणसे होती. एकानेही मान वर केली नाही. अविनाशचा डावा कान कायमचा गेला आणि तो परत कामावर आला नाही. त्या दिवसानंतर माझ्या डिझाईनखोलीत कोणी चूक दाखवली नाही. मला वाटले, चुका संपल्या.

अठराव्या दिवशी मोताळा तालुक्यातल्या एका शेतात आमच्या मळणीयंत्राने चांगुणा सपकाळ या सव्वीस वर्षांच्या बाईचा उजवा हात ओढला. ड्रम थांबेपर्यंत कोपराखाली काही उरले नव्हते. सोयाबीनच्या ढिगात तिच्या बांगड्यांच्या काचा सापडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे सासरे उकंडराव दोन ट्रॅक्टर भरून माणसे घेऊन आले. मागे तेच यंत्र जोडून आणले होते, धुतलेलेसुद्धा नव्हते. त्यांनी मला आवारात गाठले. ट्रॅक्टरच्या जॅकच्या दांड्याने माझा उजवा हात मोडला, मग बरगड्या. मी पडलो की उभा करत, उभा राहिलो की पाडत. उकंडरावांनी यंत्र चालू करायला लावले आणि माझी मानगूट धरून मला त्याच्या तोंडाशी नेले.

"मोज!" ते ओरडत होते. "किती लांब आहे तोंड, मोज! तुह्या हातानं मोज!"

माझा मोडलेला हात त्यांनी आत सारला. माझी डिझाईनची माणसे जिन्यावर उभी राहून पाहत होती. मला ती दिसत होती. दोन बोटे गेली तेव्हा दुखले नाही, फक्त झटका बसला. मग इंजिन बंद पडले. विमलबाई घरातून धावत येऊन ट्रॅक्टरवर चढली होती आणि तिने ते बंद केले होते. वरूनच ती उकंडरावांना म्हणाली, "माराचं तर मारून टाका. पण मशिनीत घालू नका. मले तो भुशातून वेचा लागीन."

उकंडरावांनी मला सोडले. जाता जाता त्यांच्या माणसांनी डिझाईनखोलीत डिझेल ओतून काडी लावली. एकोणीस वर्षांची ड्रॉइंगे तासाभरात गेली.

अकोल्याच्या दवाखान्यात माझे सगळ्यांत जुने ड्राफ्ट्समन रामराव चोपडे भेटायला आले. मी त्यांना विचारले, "रामराव, तुम्ही पाच जण होते. काऊन नाही आले मधात?"

रामरावांनी डोक्याची टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाले, "साहेब, तुम्हीच तर शिकवलं. मधात बोलाचं नाही."

मारहाणीतले काही आता मला नीट आठवत नाही. हे वाक्य आठवते.

हात प्लास्टरमध्ये असतानाच मी मोताळ्याला अविनाशकडे गेलो. बाजाराचा दिवस होता. तो एका दुकानासमोर बसून जळालेल्या मोटरीत तार भरत होता. मला पाहून त्याने हातातली तार नीट गुंडाळून बाजूला ठेवली, उठला आणि मला मारले. तोंडावर, पोटात, पडल्यावर पाठीत. बाजार थांबून पाहत होता. मी हात वर केला नाही. आठ दिवसांनी पुन्हा गेलो. तेव्हा तो थुंकला. तिसऱ्या वेळी त्याने उजवा कान माझ्याकडे केला आणि म्हणाला, "बोला."

मी काय बोललो ते लिहिण्यासारखे नाही. तो काय म्हणाला ते लिहितो: "मी येतो. पण खोलीत तुमी सगळ्यांत शेवटी बोलसान. अन् ज्यानं हात उचलला तो त्या दिसापासून बाहीर. कोनीबी असो."

त्या दोन अटींवर आमचा कारखाना सतरा वर्षे चालला. लोक त्याला माझी पद्धत म्हणतात. ती अविनाशची आहे.

चांगुणाबाई वर्षभराने स्वतः आली. त्याआधी मी पाठवलेली मदत उकंडरावांनी दोनदा रस्त्यावर फेकली होती. ती आवारात उभी राहून म्हणाली, "तुह्या पयशाचं मले काई सांगू नको. नव्या मशिनीचं तोंड दाखव." यंत्र बंद होते. तिने उरलेला डावा हात खांद्यापर्यंत आत घातला, बोटे हलवली, हात बाहेर काढला. मग शेडमधल्या सगळ्यांत उंच वेल्डरला बोलावले. "याचा हात माह्यापेक्षा लांब आहे. याच्या हातानं माप घ्या." आम्ही पुन्हा तोंड वाढवले. तेव्हापासून ती आमच्या डिझाईनमध्ये आहे आणि तिने होकार दिल्याशिवाय एकही यंत्र बाहेर जात नाही. तिने मला माफ केलेले नाही. माझ्यासमोर ती आजही चहा घेत नाही. तो तिचा हक्क आहे.

माझा राग यानंतर गेला असे कोणी समजू नये. मी त्याला काम दिले. नव्या यंत्राचा पहिला नमुना आवारात आणायचा आणि ज्याने तो काढला त्यानेच त्यावर पहिला घन घालायचा, ही माझी स्वतःची भर. मग बाकीचे. ओल्या पेंढ्या कोंबा, दगड घाला, बेल्ट उलटा चढवा, काय वाटेल ते करा. संध्याकाळपर्यंत जे फुटेल ते आपल्या आवारात फुटले, कोणाच्या शेतात नाही. अविनाशचा चार महिन्यांचा नमुना एकदा पहिल्याच घावात बाजूने उसवला. तो खाली बसून हसत सुटला. आपल्या हातची वस्तू जो स्वतः फोडू शकतो, त्याला दुसऱ्याचा शब्द जखम करत नाही, हे मी त्या दिवशी पाहिले. माझ्या माहितीत २००९ नंतर आमच्या यंत्रात कोणाचा हात गेलेला नाही.

कलम ४. आता यंदाच्या सप्टेंबर महिन्यातले.

हर्षल, वय एकोणचाळीस, दहा वर्षांपासून विक्री पाहतो. धम्मशीला वानखडे, वय बत्तीस, इंजिनियर, नऊ वर्षांपासून डिझाईनमध्ये आहे. नवीन कडबाकुट्टीच्या ड्रॉइंगवर तिची सही व्हायची होती. खोलीत ती, चांगुणाबाई, अविनाश, हर्षल आणि शेवटी बोलायचे म्हणून कोपऱ्यात बसलेला मी.

हर्षल म्हणाला, "ऑर्डरी घेऊन ठेवल्या मी. सही कर."

धम्मशीला म्हणाली, "सर, झाकण उघडलं तरी पातं फिरते. मी नाई करत सही."

"तुले पगार कोण देते?"

"पगार तुमी देता. हात लोकायचा जाते."

त्याच्या हातात माप घ्यायचे मोठे व्हर्नियर होते, पोलादी. ते त्याने फेकून मारले. तिची डावी भुवई हाडापर्यंत उघडली आणि ती खुर्चीसकट मागे पडली. चांगुणाबाई धावली, तिला त्याने टेबलावर ढकलले. अविनाश मध्ये उभा राहिला. हर्षलने लोखंडी स्टूल उचलून त्याच्या खांद्यावर घातले. गळ्याचे हाड मोडल्याचा आवाज मी बसल्या जागी ऐकला. अविनाश गुडघ्यांवर आला. हर्षलने स्टूल पुन्हा उचलले, या वेळी डोक्यात घालायला.

भिंतीला घनाचा नवा दांडा टेकवलेला होता. मी तो घेतला आणि मुलाच्या मनगटावर मारला. मनगट मोडले, स्टूल पडले. मी थांबलो नाही. तो वळला तेव्हा पाठीवर मारले. तो पडला तेव्हा पुन्हा. आणि पुन्हा. शपथेवर लिहितो: पहिला फटका अविनाशला वाचवण्यासाठी होता. पुढचे तीन माझे होते, आणि ते मारताना मला बरे वाटले.

धम्मशीला ओढणी डोळ्यावर दाबून उठली. बोटांच्या फटींतून रक्त गळत होते. म्हणाली, "काका, तुमीबी बाहीर."

"पोरी, मी वाचवलं तुम्हाले."

"पह्यल्या फटक्यानं वाचवलं. मंग थांबले नाई तुमी. नियमात मालकाचं नाव वगळलं नाई."

मी अविनाशकडे पाहिले. तो धम्मशीलाकडे पाहत होता. मी दांडा खाली ठेवला आणि जिना उतरलो. त्यानंतर मी त्या खोलीत गेलेलो नाही. पोलिसांत दिलेल्या तक्रारीत तिने हर्षलबरोबर माझेही नाव लिहिले. मजकूर खरा आहे असा जबाब मी दिला आहे.

कलम ५. सबब नांदुऱ्याचा कारखाना, त्याची जागा, शेड, सर्व यंत्रे, ड्रॉइंगे व नाव हे माझ्या स्वकष्टाचे असून ते मी अविनाश नारखेडे, चांगुणा सपकाळ व धम्मशीला वानखडे या तिघांना सारख्या हिश्शाने देतो. डिझाईनचे प्रमुखपद धम्मशीलाकडे राहील. मी आधी अविनाशला विचारले होते. तो पलंगावर पडून होता. म्हणाला, "तिनं तुम्हाले बाहीर काढलं. मले ते जमलं असतं का, मले मालूम नाई. तिलेच करा."

कलम ६. धम्मशीलास सूचना. तिला त्यांची गरज नाही, पण मला लिहायची आहे.

गिऱ्हाईकासमोर आपल्या माणसाची चूक काढू नये. तोही तुझी काढणार असेल तर गिऱ्हाईकाला खाली चहाला पाठवावे आणि आधी त्याचे ऐकावे. खोलीत आठवडाभर कोणी "नाही" म्हटले नाही, तर काम छान चालले आहे असे समजू नये. दार लावून घ्यावे आणि एकेकाला विचारावे, कशाचे भय वाटते. काढणीच्या दिवसांत टीमला खुर्चीवर बसू देऊ नये. ज्याने यंत्र काढले त्याने ते परक्याच्या शेतात, परक्याच्या शिव्या खात, एक दिवस चालवावे. आणि राग आला की घन घेऊन आवारात जावे. नमुना नसेल तर भंगार आहे.

कलम ७. जुनी खाती. मलकापूरचा तो विक्रेता, जो २००८ साली हसला, दरवर्षी दिवाळीला मिठाईचा डबा पाठवतो. मी मेल्यावर आलेला डबा परत करावा. उकंडराव आता नाहीत. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, तेव्हाही नव्हती. पोलिसांना मी त्यांचे नाव सांगितले नाही. रामरावही आता नाहीत; त्यांच्या हार घातलेल्या फोटोशेजारी माझा फोटो लावू नये. त्यांना आयुष्यभर पुरेसे माझ्या शेजारी उभे राहावे लागले.

कलम ८. येथपर्यंत लिहून मी "हर्षलला कारखान्यात काहीही नाही" एवढ्या एका ओळीने शेवट केला होता. आज सकाळी साक्षीदार येण्याआधी तो घरी आला. हाताचे प्लास्टर निघाले आहे, मनगट वाकडे जुळले आहे. त्याने मृत्युपत्र मागितले. मी दिले. उभ्यानेच वाचले.

"बाबा," तो म्हणाला, "मी सहावीत होतो. चित्रकलेच्या वहीत ट्रॅक्टर काढला होता. मागचं चाक पुढच्याएवढं काढलं म्हणून तुमी मले बेल्टनं मारलं. पाठीतून रक्त निंघालं होतं. आठवते का?"

मला आठवत नव्हते. मी विमलबाईकडे पाहिले. ती म्हणाली, "हाव. हळद मी लावली होती."

"मंग मले हात उचलाले कोनं शिकवलं?"

मी म्हणालो, "मी."

"ते लिव्हलं नाई तुमी इथं. माणिकरावचं लिव्हलं."

तो खरे बोलला. म्हणून आता लिहितो. हर्षलने जे केले ते तो माझ्याकडून शिकला. मला माणिकराव परके होते, सोडून जाता आले; त्याला मी बाप होतो, त्याला कुठे जाता येणार होते? वाटणी यामुळे बदलत नाही. कारखान्यात त्याचा हिस्सा नाही. परंतु त्याने त्या तिघांसमोर जाऊन, माझे नाव पुढे न करता, स्वतःच्या तोंडाने कबुली दिली आणि तिघांनाही वाटले, तर त्यांनी त्याला शेडमध्ये कामावर घ्यावे, साध्या कामगाराच्या पगारावर, धम्मशीलाच्या हाताखाली. नाही वाटले तर घेऊ नये. त्यांच्या निर्णयावर कोणी कोर्टात जाऊ नये. हर्षलने तर नाहीच.

हे कलम साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून दाखवले. हर्षल खाली मान घालून ऐकत होता. वाचून झाले. मग त्याने आईला विचारले, "तिच्या डोळ्याले दिसते का आता बराबर?"

विमलबाई म्हणाली, "मले काऊन इचारतं? तिले जाऊन इचार."

त्याने चपला घातल्या आणि गेला. कुठे गेला, हे सही करेपर्यंत मला कळलेले नाही.

हे मृत्युपत्र मी वाचले, समजलो, आणि माझ्या उजव्या हाताच्या तीन बोटांनी खालील दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली. त्या दोघांनीही माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या. दोघांपैकी कोणालाही यात काही मिळत नाही.

लिहून ठेवणार : वामनराव सखाराम मापारी (सही)

साक्षीदार
१. डॉ. पूनम गजानन खंडारे, नांदुरा (सही)
२. दीपक एकनाथ जुमडे, निवृत्त शिक्षक, शेजारी, नांदुरा (सही)

स्थळ : नांदुरा, जिल्हा बुलढाणा
दिनांक : २० नोव्हेंबर २०२५, गुरुवार